पार्किनची न जाणारी खाज

मित्रांनो, मला पार्किन म्हणतात. जातीने मी फेरेट आहे. लांबुळके अंग, आखूड पाय, डोळ्यांवर चोराच्या मुखवट्यासारखा काळा पट्टा, आणि जिथे तोंड शिरेल तिथे अख्खे अंग घुसवायची खोड. मला पाहून कोणी मुंगूस म्हणतात, कोणी उंदीर. उंदीर म्हटलेले मला खपत नाही. आता माझे वय झाले आहे. एक सुळा पडला आहे आणि दिवसाचा बहुतेक वेळ मी झोपून काढतो. जागा असतो तेव्हा मात्र मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. एका खाजेने मला मरणाच्या दारापर्यंत कसे नेले, ती ही गोष्ट.

माझा जन्म यॉर्कशायरमधल्या थॉर्नक्लफ गावात, क्लेम ओल्डरॉइडच्या परसातल्या खुराड्यात झाला. क्लेम आणि त्याचा थोरला भाऊ रेज, दोघेही कोळशाची खाण बंद पडेपर्यंत तिथे कामाला होते. क्लेमने फेरेटांचे खटलेच मांडले होते. रेजला एकच हवे होते. त्याने खुराड्यात हात घातला तेव्हा मी त्याच्या अंगठ्याला कडकडून चावलो. त्याने हात मागे घेतला नाही.

"चावतोय म्हणजे तब्येत ठणठणीत आहे," तो म्हणाला. "हाच दे."

काकवी आणि आले घालून आमच्याकडे पार्किन नावाचा केक करतात. माझा रंग थेट तसा, म्हणून माझे नावही तेच पडले.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. रेज सशांच्या बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायचा आणि मी आत शिरायचो. अंधार, मातीचा ओला वास, पुढे धडधडत पळणारा ससा! एकदा तर गावच्या चर्चच्या सभागृहात फरशीखालून विजेची तार न्यायची होती. कारागिरांनी फरशी उखडायची तयारी केली होती. रेजने माझ्या गळ्यातल्या पट्ट्याला दोरा बांधला, मला एका भोकातून आत सोडले आणि दुसऱ्या भोकाशी मांसाचा तुकडा धरून बसला. मी दोरा घेऊन बाहेर आलो तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना रेज मला कोटाच्या आत धरून वाटेत भेटेल त्याला थांबवून ती हकिकत सांगत होता.

रेजची बायको मेव्हिस मला घरात येऊ देत नसे. मला ती 'ती वासट नळी' म्हणायची. "ती वासट नळी बाहेर, नाहीतर मी बाहेर," असे तिने एकदा बजावले होते, आणि रेजने थोडा विचार करून उत्तर दिले म्हणून त्याला त्या दिवशी थंड जेवण मिळाले होते.

खाणीच्या धुळीने रेजची फुप्फुसे कधीच खाल्ली होती. आधी आमचे रानात जाणे थांबले, मग त्याचे परसात येणे थांबले. उन्हाळा सरताना तो गेला. मला कोणी सांगितले नाही. मी रोज जाळीशी उभा राहून त्याच्या खोकल्याची वाट पाहत असे.

क्लेम येता-जाता मला खायला टाकायचा. बाकी माझी आठवण कोणाला नव्हती. मग एका सकाळी कडाक्याची थंडी पडली आणि माझ्या भांड्यातले पाणी गोठले. मेव्हिस कचरा टाकायला बाहेर आली होती. तिने ते भांडे पाहिले. मग तिने खुराड्याचे दार उघडले, मला ॲप्रनमध्ये गुंडाळले आणि स्वयंपाकघरात आणले.

"चावलास तर परत बाहेर," ती म्हणाली. मी चावलो नाही.

वर तिच्या खोलीत एक मोठी पेटी होती. रेजने लग्नाआधी देवदाराच्या फळ्यांची ती स्वतः केली होती. देवदाराच्या वासाने लोकरीला कसर लागत नाही. रेजचे सगळे कपडे तिने त्या पेटीत जपून ठेवले होते. त्यातला एक राखाडी स्वेटर आणून तिने माझ्या टोपलीत अंथरला. मी त्यात नाक खुपसले. त्यात रेज होता! त्याची तंबाखू, त्याचा घाम, त्याचा खिसा. मी त्यात गोल गोल फिरलो आणि शांत झोपलो. मेव्हिस खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत राहिली, आणि रेज गेल्यावर प्रथमच तिने पूर्ण कपभर चहा संपवला.

तेव्हापासून दर रविवारी ती पेटी उघडायची, आधीचा कपडा परत ठेवायची आणि दुसरा आणायची. कधी जाकीट, कधी मफलर. "वास ताजा राहतो रे," ती मला सांगायची. ती माझ्याशी बोलू लागली होती.

आणि मला खाज सुटू लागली.

सुरुवात हनुवटीपासून झाली. मग पोट, मग पंजे. मी झोपेतून दचकून उठायचो आणि मागच्या पायाने अंग ओरबाडायचो. पंजे चाटून चाटून लाल झाले. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. एकदा शिंका सुरू झाल्या की मी शिंकत शिंकत मागे सरकत भिंतीला आपटायचो. पोटावरचे केस गेले आणि खाली लाल पुरळ दिसू लागले. मित्रांनो, आम्हाला कुठे दुखते ते सांगता येत नाही. आम्ही फक्त खाजवतो.

क्लेमने मला उजेडात धरून पाहिले आणि त्याचा चेहरा बदलला.

"खरूज आहे ही, मेव्हिस. नाहीतर ग्रंथींचा रोग. म्हाताऱ्या फेरेटांचे असेच केस जातात."

"मग औषध दे."

"औषध कसलं? माझ्या घरी एवढी जनावरं आहेत. मी इथून खरूज घरी नेली तर सगळी जातील." तो आवाज खाली आणून म्हणाला, "मी घेऊन जातो याला. मरताना त्याला कळणारसुद्धा नाही."

मेव्हिसने मला त्याच्या हातातून काढून घेतले. "आपल्या रेजचा आहे तो."

"रेज असता तर त्यानंच हे केलं असतं. जनावराचे हाल बघवायचे नाहीत त्याला."

"रेज असता तर त्यानं तुला दारातून हाकललं असतं. डॉक्टरकडे ने मला. गाडी तुझी आहे म्हणून विचारतेय, सल्ला नकोय."

डॉक्टर प्रिचर्ड मूळच्या वेल्सच्या. बोटे थंड, पण हात हलका. त्यांनी माझी कातडी खरवडून काचेवर घेतली आणि यंत्राखाली पाहिली. केसांत पिसवा शोधल्या, कान तपासले, पोट चाचपले. मेव्हिस टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

"खरजेचे किडे मला दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण ते दर वेळी सापडतातच असं नाही, म्हणून मी त्यावरचं औषधही देते. पिसवा नाहीत. ग्रंथींच्या रोगात केस बहुतेक शेपटीपासून जायला लागतात. याचे पंजे, पोट, हनुवटी बिघडलेत. त्याचीही तपासणी करू. पण मला वाटतं, याला कशाची तरी ॲलर्जी आहे."

"ॲलर्जी?" क्लेम हसला. "फेरेटला? उद्या चष्मा लागेल त्याला."

"तुम्हाला शिंका येत नाहीत का, मिस्टर ओल्डरॉइड? नाक लाल दिसतंय."

"माझी शिंकांची गोळी आहे. अर्धी देऊ का त्याला?"

"अजिबात नाही," डॉक्टर इतक्या जोरात म्हणाल्या की मी टेबलावर दचकलो. "माणसाची गोळी एवढ्याशा जिवाला परस्पर द्यायची नाही. मेव्हिस, घरात नवीन काय आलं ते शोधायचं. साबण, सुगंधी द्रव, उदबत्ती, मेणबत्ती, खाणं. टोपलीत लाकडाचा भुसा घालता का?"

"नाही. भुसा कधीच नाही."

"बरं. मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि थोडे दिवस वाट पाहा. सगळं एकदम बदललंत तर कशानं बरं वाटलं ते कळणार नाही. आणि खाज केव्हा वाढते त्यावर लक्ष ठेवा."

मेव्हिसने लक्ष ठेवले. आधी कपडे धुण्याचा सुवासिक द्रव गेला. मग खिडकीतली लॅव्हेंडरची सुवासिक फुले गेली. नंतर माझे खाणे बदलले. कोंबडी बंद करून फक्त सशाचे मांस, आणि तिच्या ताटातला चोरटा तुकडाही बंद. ग्रंथींची तपासणी चांगली निघाली. खरजेच्या औषधाने काही फरक पडला नाही. डॉक्टरांच्या गोळ्या असेपर्यंत मला बरे वाटायचे. त्या संपल्या की खाज पुन्हा हजर. मी हाडांचा सापळा झालो. झोप येत नसे आणि झोपेशिवाय फेरेट जगत नाही.

"कधी वाढते?" डॉक्टरांनी फोनवर विचारले.

"सोमवारी. सोमवारची सकाळ सगळ्यात वाईट."

मागे बसलेला क्लेम म्हणाला, "सोमवार मलाही सोसत नाही. मला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही."

मेव्हिस हसली नाही. जाताना दारात थांबून त्याने तिला सांगितले, "बघ, मेव्हिस, असं किती दिवस चालणार? ख्रिसमसपर्यंत बघू. नंतर मी त्याला हे सोसू देणार नाही." मेव्हिसने दार लावले आणि ती माझ्या टोपलीशी जमिनीवर बसली. मी तिच्या मांडीवर चढलो. खाजवण्याइतकीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

ख्रिसमसच्या आधीचा रविवार होता. क्लेम दुपारच्या जेवणाला यायचा होता. भट्टीत मांस भाजत होते. मेव्हिस वर गेली, तिने पेटी उघडली आणि मीही तिच्या मागे जिना चढून गेलो. एवढ्यात खाली दार वाजले. झाकण तसेच उघडे ठेवून ती खाली गेली.

पेटीतून रेजचा वास येत होता. एका कपड्याचा नव्हे, सगळ्या कपड्यांचा. मी कडेवरून आत उडी मारली आणि खाली खाली शिरत गेलो. रेजचा जाड कोट अगदी तळाशी होता. त्याच्या बाहीत मी शिरलो.

थोड्या वेळाने वर पावले वाजली. मेव्हिसने वरचा मफलर उचलला आणि झाकण लावले. तिला मी दिसलो नाही. बाहीतला फेरेट कोणालाच दिसत नाही.

सुरुवातीला मला काही वाटले नाही. मग डोळे चुरचुरू लागले. मग ओठ जड झाले. मला शिंक येत होती, पण ती बाहेर पडत नव्हती. घशात काहीतरी फुगत होते. मी बाहीतून मागे सरकलो. वर लाकूड, खाली लाकूड, चारी बाजूंनी तोच उग्र वास. मी फळी नखांनी ओरबाडली. मला बिळांची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. श्वास आत जाताना शिट्टी वाजत होती.

पुढचे मला नंतर बोलण्यांतून कळले. खाली दोघे जेवायला बसले होते. मेव्हिसने अचानक काटा खाली ठेवला.

"तुझ्या बुटांच्या नाड्या," ती म्हणाली.

"काय झालं नाड्यांना?"

"बांधलेल्याच आहेत. पार्किननं सोडल्या नाहीत."

क्लेम आला की त्याच्या नाड्या ओढणे हा माझा नेम होता. कितीही आजारी असलो तरी मी तो चुकवला नव्हता.

"झोपला असेल कुठेतरी," क्लेम म्हणाला. "बस, जेव. रस्सा गार होतोय."

पण ती उठली होती. तिने खाऊचा डबा वाजवला. कपाटाखाली, भट्टीमागे, कोचाच्या आत पाहिले. क्लेमने परसाचे दार उघडे पाहिले आणि तो कोट न घालताच कुंपणापर्यंत धावला. "पार्किन! अरे ए शहाण्या!" माझ्या मरणाची तारीख ठरवणारा माणूस थंडीत माझ्या नावाने ओरडत होता.

मेव्हिस जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. आपण झाकण उघडे ठेवून खाली आलो होतो, हे तिला आठवले.

उजेड आला तेव्हा मला तो नीट दिसलाही नाही. माझे तोंड सुजून डोळे मिटले होते. तिने मला उचलले आणि माझ्या हिरड्या पाहिल्या. त्या निळसर झाल्या होत्या. तिची किंकाळी क्लेमने कुंपणापाशी ऐकली. तो आत आला, त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गाडी काढतो. तू डॉक्टरीणबाईंना फोन कर. भट्टी बंद कर, मेव्हिस. ऐकतेस ना? भट्टी!"

गाडीतून जाताना तो रस्ता कधी संपेलसे मला वाटत नव्हते. मेव्हिसने मला मांडीवर पालथे धरले होते, मान सरळ ठेवून. "श्वास घे, राजा. घे. अजून एक." क्लेम वळणावर हॉर्न दाबत, पुढच्या गाडीला शिव्या देत होता. मध्येच तो विचारायचा, "आहे ना?" ती म्हणायची, "आहे."

डॉक्टर दवाखान्याच्या दारात वाट पाहत होत्या. त्यांनी मला घेतले, सुई टोचली, तोंडावर प्राणवायूची नळी धरली. पुष्कळ वेळ फक्त माझ्या घशातली शिट्टी ऐकू येत होती. मग ती हळूहळू बारीक झाली. डॉक्टरांनी माझी हिरडी बोटाने दाबून पाहिली आणि त्या पहिल्यांदा खुर्ची ओढून बसल्या.

"टळलं," त्या म्हणाल्या. मग माझ्या अंगावर वाकून त्यांनी हुंगले. "हा वास कसला?"

"देवदार," मेव्हिस म्हणाली. "रेजच्या कपड्यांची पेटी आहे. त्यात अडकला होता."

"मी तुम्हाला लाकडाच्या भुशाबद्दल विचारलं होतं."

"भुसा नाहीच घालत मी. पेटी आहे ती. तो कधी आत जात नाही. फक्त दर रविवारी मी त्यातला एक कपडा..."

ती मध्येच थांबली. क्लेमने भिंतीवरून नजर वळवून तिच्याकडे पाहिले.

"सोमवारची सकाळ," तो हळूच म्हणाला.

"बंद पेटीत जीव गुदमरलाच असता," डॉक्टर म्हणाल्या, "पण असं तोंड नुसतं हवा कमी झाल्यानं सुजत नाही. देवदाराच्या लाकडात उग्र तेल असतं. ते कपड्यात उतरतं आणि हा रात्रभर त्यात नाक खुपसून झोपतो. स्वतःला दोष देऊ नका, मेव्हिस. तुम्ही त्याला त्याची सगळ्यात आवडती जागा दिली होती. ते कपडे आता दूर करा. खाज गेली तर आपली खात्री पटेल."

दुसऱ्या दिवशी क्लेम पेटी न्यायला आला. "फोडू का हिला?" त्याने विचारले. "हात लावून बघ!" मेव्हिस म्हणाली. "तुझ्या घरी ठेव. लग्नाआधी माझ्या वडिलांना दाखवायला केली होती त्यानं ती." पेटी गेली. कपडे राहिले. तिने हौद भरला, बिनवासाचा साबण घेतला आणि रेजचे कपडे एकेक करून धुवायला लागली. राखाडी स्वेटर तिने सर्वात शेवटी घेतला. तो नाकाशी धरून ती खूप वेळ उभी राहिली. रेजचा वास जगात आता तेवढाच उरला होता. मी तिच्या पायाशी बसून अंग खाजवत होतो. तिने खाली पाहिले, डोळे पुसले आणि स्वेटर पाण्यात बुडवला.

महिनाभरात माझ्या पंजांची लाली गेली. मग पोटावर मऊ लव आली. एका सोमवारी मी दुपारपर्यंत झोपलो, आणि मेव्हिस मला उठवायचे नाही म्हणून मोज्यांवर घरभर फिरत होती.

वसंतात लस टोचायला गेलो. सुई झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "लसीनंही क्वचित फेरेटला त्रास होतो. आधी कधी झाला नाही म्हणून आज होणारच नाही असं नाही. अर्धा तास बाहेर बसा. उलटी, जुलाब, अंग लाल होणं, शेपटी फुलून ब्रशसारखी होणं, काहीही दिसलं तर लगेच आत या."

"अर्धा तास?" क्लेम कुरकुरला. "ठीक तर दिसतोय. घरी जाऊन चहा झाला असता एव्हाना."

"बस खाली," मेव्हिस म्हणाली.

तो बसला. मला मांडीवर घेऊन मेव्हिस माझ्या शेपटीकडे पाहत होती. समोर कोणाचा तरी पोपट बडबडत होता. क्लेम मधूनमधून वाकून माझा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहायचा आणि "गुलाबी," असे पुटपुटून मागे टेकायचा. एकदा मी शिंकलो तेव्हा दोघेही उभे राहिले. ती साधीच शिंक होती. मला काहीही झाले नाही.

शेवटी मेव्हिसने पिशवी उचलली. "चल. झाला अर्धा तास."

क्लेम जागचा हलला नाही. त्याने माझी शेपटी पुन्हा एकदा बोटांतून फिरवली.

"अजून थोडं थांबू," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा मुका जीव असेल. तो खाजवू लागला, शिंकू लागला, त्याचे केस जाऊ लागले, तर त्याला घाण म्हणू नका आणि त्याच्यावर घाईने कसलाही शिक्का मारू नका. त्याच्याजवळ नवीन काय आले ते पाहा. त्याला जे सर्वात प्रिय आहे, तेही तपासून पाहा. मनाने औषध देऊ नका. जाणत्या डॉक्टरकडे न्या. आणि आमचे दुखणे आमच्या अंगावर वाचता येईपर्यंत, कृपा करून, आमच्याजवळ थोडे थांबा.